उसनवारी

परगावी निघालेल्या माणसाने पैसे कुठे ठेवावेत, याविषयी आमच्या आईचे मत ठाम होते. "पैशे तीन जाग्यार ठेवचे," असे ती सांगायची. थोडे खिशात, थोडे पिशवीच्या तळाशी आणि थोडे अंगाला लागून. खिशातले गेले तर पिशवीतल्यांवर जेवावे. पिशवीही गेली तर अंगावरच्यांनी घर गाठावे. वेंगुर्ल्याहून सावंतवाडीला जायचे असले तरी एवढा बंदोबस्त झाल्याशिवाय ती एस. टी. त पाय ठेवत नसे. तिन्ही ठिकाणची रक्कम मिळून कधी तीस रुपयांवर गेल्याचे मला आठवत नाही.

२०२४ सालच्या मे महिन्यात, एका शुक्रवारी रात्री मी लिस्बनच्या विमानतळावर उतरलो, तेव्हा माझ्याजवळचे दीडशे युरो असेच तीन ठिकाणी होते. पन्नास विजारीच्या खिशात, पन्नास शबनममध्ये रंगांच्या डबीखाली, आणि पन्नास बनियनला आतून शिवलेल्या चोरखिशात. ते जागच्या जागी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी मी एका खांबाआड गेलो. धाकटी बहीण पलीकडे उभी राहून वाट पाहत होती.

"दादा, इथे सगळीकडे कार्ड चालतं."

"चालू दे," मी म्हणालो.

आमची ही बाय (तिचे खरे नाव निराळे आहे, पण घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी कधी हाक मारली नाही) गेली आठ वर्षे हॉलंडात आइंडहोवनला असते. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे जायचे दरवर्षी ठरे आणि दरवर्षी राहून जाई. अखेर त्या वर्षी मी गेलो. तिकडे शनिवार-रविवार ही एक संस्थाच आहे. आपल्याकडे रविवारी माणूस दाढी लांबवतो आणि माळ्यावरचे सामान खाली काढतो. तिकडे तो शुक्रवारी संध्याकाळी कचेरीतून निघतो तो थेट दुसऱ्या देशात. बायने एक दिवस जेवताना सांगून टाकले, "दादा, पुढच्या शुक्रवारी आपण दोघं लिस्बनला चाललोय. मुलाला हे सांभाळतील." पॅरिस नाही, रोम नाही, लिस्बनच का, असे मी विचारले. "तुला आवडेल," एवढेच ती म्हणाली.

मी एक अट घातली. माझा खर्च माझा. विमानाचे जाऊन-येऊन साठ-पासष्ट युरोंचे तिकीट तिने आधीच काढून ठेवले होते. त्याचे रुपये मी हट्टाने तिच्या इकडच्या खात्यात भरले. ती काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती, असे आपण मुलांना शिकवतो. ते नेहमीच खरे नसते.

इतके स्वस्त विमान चालते कसे, हे विमानतळावर गेल्यावर कळते. आसनाखाली सरकेल एवढीच पिशवी फुकट. ती मापायला एक चौकट ठेवलेली असते; पिशवी तीत बसली नाही की दंड, आणि दंड तिकिटाच्या बरोबरीचा. त्यामुळे माणसे एकावर एक तीन कपडे घालून रांगेत घाम पुसत उभी असतात. मी दोन सदरे आणि मेहुण्यांचा कोट घातला होता. कोटाच्या खिशांत दाढीचे सामान आणि चार थालीपिठे होती. पिशवी चौकटीत बसली. मला मॅट्रिक पास झाल्यासारखे वाटले.

तेव्हा एका युरोला नव्वद रुपये पडत. मी चित्रकलेचा मास्तर, गणिताशी माझे फारसे सख्य नाही. पण त्या अडीच दिवसांत नव्वदाचा पाढा मी असा घोटला, की झोपेतही चुकलो नसतो. पाण्याची बाटली: नव्वद. काउंटरपाशी उभ्याने प्यायची घोटभर काळी कॉफी, जिला तिकडे 'बिका' म्हणतात: पुन्हा नव्वद. तीच कॉफी बाहेर छत्रीखाली खुर्चीत बसून प्यायली की दाम वाढते. मी अडीच दिवस उभाच होतो.

राहण्याची व्यवस्था आठ खाटांच्या एका सामाईक खोलीत होती. बायच्या मनात साधे का होईना, हॉटेल घ्यायचे होते. पण दोघांच्या खोलीचे रात्रीचे शंभरावर युरो ऐकून मी नकार दिला. इथे खाटेला अठ्ठावीस, वर नगरपालिकेचा प्रवासी कर माणशी दर रात्री दोन युरो. (त्याच सप्टेंबरात तो चार झाला, म्हणजे आम्ही वेळेवर जाऊन आलो.) दुमजली लोखंडी पलंग, प्रत्येकाला एक दिवा, एक पडदा. सगळी विशी-बाविशीतली पोरे. त्यातल्या एका मुलाने माझे पिकलेले कल्ले पाहून आपली खालची खाट मला दिली. बाय वरच्या खाटेवर चढली. रात्री मला जाग आली तेव्हा तिचा हात पडद्याबाहेर लोंबत होता. लहानपणी माळ्यावर निजायची तेव्हाही असाच लोंबायचा.

शनिवारी सकाळी शहर पाहायला निघालो, आणि पहिली गंमत पाट्यांनी केली. एका चिंचोळ्या दुकानात किल्ल्या घासून देणारा म्हातारा बसला होता. त्याच्या डोक्यावरच्या पाटीवरची अक्षरे मी लावून वाचली: 'चावेस'. पुढे किराणा दुकानात 'बटाटा' हा शब्द जसाच्या तसा. साबणाचे नाव 'साबांव', कोबीजातीच्या पाल्याचे 'कोव्ह', फितीचे 'फिता'. बेकरीत पाव मागायला मला बायची मदत लागली नाही. हे शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिले, हे शाळेच्या पुस्तकात आपण सगळेच वाचतो. पण पुस्तकात वाचणे वेगळे आणि सकाळच्या उन्हात, परक्या गल्लीत, आईच्या तोंडातले शब्द भिंतीवर लिहिलेले दिसणे वेगळे. घमेले, परात, बिजागरी, पिंप, लिलाव, पगार: आमच्या वेंगुर्ल्याच्या घरातली निम्मी वस्तू-वास्तू या लोकांच्या नावावर चढलेली होती की काय!

चावीची गोष्ट तर आणखी मौजेची. आजचा लिस्बनकर तिला 'शाव्' म्हणतो. पण चार-पाचशे वर्षांपूर्वी, त्यांची गलबते आपल्या किनाऱ्याला लागली तेव्हा, त्यांच्याही तोंडी तो 'च'च होता. पुढे त्यांचा 'च' झिजून 'श' झाला. आपण मात्र घेतला तसाच ठेवला. उसनी आणलेली वस्तू देणाऱ्याहून घेणाऱ्याने अधिक जपून ठेवावी, तसे हे झाले. आणि उसनवारी एकतर्फीही नव्हती. तिकडच्या खाणावळीत कोंबडीच्या पातळ सुपाला 'कांजा' म्हणतात. ती आपल्याकडची कांजी.

शनिवारी आणि मंगळवारी सांता क्लारा नावाच्या मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. नाव 'फैरा दा लाद्रा', म्हणजे शब्दशः चोरटीचा बाजार. मुंबईच्या चोरबाजाराची ही मावशीच. जमिनीवर चादरी अंथरून माणसे बसलेली. फुटक्या निळ्या फरशा, कुणाच्या तरी आजोबांची पदके, एका पायाचे चष्मे, पितळी तराजू. पाहायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी दोन तास पाहिले. त्या निळ्या-पांढऱ्या फरशांना तिकडे 'आझुलेजु' म्हणतात आणि शहरातल्या घरांच्या दर्शनी भिंती त्यांनीच मढवलेल्या असतात. मी वहीत त्यांची नक्षी उतरून घेत होतो, तेवढ्यात बाय वीतभर लांबीची एक गंजकी लोखंडी किल्ली घेऊन आली. दोन युरो.

"एकशेऐंशी रुपये," मी म्हणालो. "कुलूप कुठे आहे तिचं?"

"नाहीये."

"मग?"

"आईच्या जुडग्यात होती तशी दिसते." तिने ती कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. आईचे ते जुडगे आता माझ्याकडे असते. घर २०२१ पासून बंद आहे. मी घाटावर नोकरीला. गणपतीत चार दिवस जातो, दारे उघडतो, गळक्या जागांखाली घमेली ठेवतो आणि पुन्हा कुलूप लावून येतो.

दुपारी आल्फामाच्या एका गल्लीत जेवायला बसलो. आल्फामा म्हणजे जुन्या लिस्बनचा जीव. दोन माणसे अंग चोरून जातील अशा गल्ल्या, पायऱ्यांवर पायऱ्या आणि वर दोऱ्यांवर वाळणारी धुणी. खाणावळीबाहेरच्या फळ्यावर त्या दिवसाचे ताट साडेनऊ युरोंना लिहिले होते. आम्ही बसतो न बसतो तोच मालकाने हसतमुखाने पाव, ऑलिव्हची वाटी, लोणी आणि माशाच्या लगद्याची चिमुकली डबी पुढे आणून ठेवली. मला भरून आले. परक्या मुलखात, न मागता! बाय काही सांगणार होती, पण तोवर मी दुसऱ्या पावाला लोणी लावले होते. मागून तारली आली. मिठाची, विस्तवावर भाजलेली. इतकी चांगली तारली मी घराबाहेर खाल्ली नव्हती.

मग बिल आले. पाव निराळे, ऑलिव्ह निराळे, लोणी निराळे, डबी निराळी. त्या आतिथ्याचे तिकडे 'कुव्हेर' असे नाव आहे. हात लावला नाही तर त्याचे पैसे लागत नाहीत. नको म्हटले की निमूट उचलून नेतात. हात लावला की तुमचे झाले. मालकाचे काही चुकले नव्हते. चूक माझ्या भाबडेपणाची होती, आणि म्हणूनच मला राग आला. बायने हसत हसत आपले कार्ड थाळीत ठेवले. मी ते उचलून तिच्यापुढे परत ठेवले आणि खिशातले पैसे टेबलावर मांडू लागलो. "पाव मी खाल्ले, म्हणजे पावाचे माझ्याकडे. ऑलिव्ह तूही घेतलंस दोनदा, ते निम्मं..."

"दादा, पुरे."

मी मोजत होतो.

"दादा, तू मला कधीच काही देऊ देणार नाहीस का?"

मी वर पाहिले. ती हसत नव्हती.

"आईच्या वेळी मी तीन लाख पाठवले होते. पुढच्या महिन्यात तू ते जसेच्या तसे परत पाठवलेस. खाली लिहिलंस, 'खर्च भागला.' मला यायला मिळालं नाही, दादा. मुलगा दोन वर्षांचा होता आणि भारतातून परत यायची विमानं बंद केली होती या लोकांनी. मी मोबाइलवर पाहिलं सगळं. निदान एखादं इंजेक्शन माझ्या पैशाचं असू द्यायचं होतंस."

शेजारच्या टेबलावरच्या बाईने आमच्याकडे पाहिले आणि सभ्यपणे मान वळवली. मी पैसे तसेच टेबलावर सोडून बाहेर पडलो.

मी काय बोलणार होतो? खर्च भागला नव्हता. पतपेढीचे कर्ज काढून मी तो भागवला होता, आणि ते फिटायला २०२४ चा जानेवारी उजाडला. वडील गेले तेव्हा मी मॅट्रिकला होतो. पुढे शिकलो नाही. दोन वर्षांचा चित्रकलेचा कोर्स केला, नोकरीला लागलो, आणि हिला शिकवले. घरातले देणे माझे आणि घेणे इतरांचे, ही रीत तेव्हापासूनची. दर भाऊबीजेला ताटात ओवाळणी मी घालायची आणि तिने ती मोजून न पाहता उचलायची. पण एवढेच असते तर त्याला कर्तव्य म्हणून मोकळा झालो असतो. खरे असे, की ते तीन लाख परत पाठवताना मला बरे वाटले होते. तिकडून पैसे पाठवून ही सुटली, असे त्या दिवसांत माझ्या मनात आले होते. 'खर्च भागला' हे दोन शब्द मी पुरेसा विचार करून लिहिले होते.

उतार-चढावांवरून दिशाहीन चालत मी कार्मुच्या चौकात पोहोचलो. तिथे एक जुना मठ आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला. मागून समुद्र चढून आला, मग आग लागली. मठाचे छप्पर कोसळले आणि ते पुन्हा घातले नाही. दगडी कमानी तेवढ्या उभ्या आहेत, त्यांच्यामधून आभाळ दिसते. खालचा सबंध बाजारभाग मात्र पोंबालने सरळ रस्ते आखून नव्याने बांधला. आत जायला तिकीट होते. मी बाहेरच बाकावर बसलो. चौकात नीलमोहर फुलू लागला होता. याच चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांच्या वेढ्यात सापडून तिथल्या हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान कायतानु शरण आला. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत तांबडी कार्नेशनची फुले खोचली. त्या गोष्टीला पन्नास वर्षे झाली म्हणून जागोजागी तीच फुले छापलेली होती. मी वही काढली, एका कमानीची रेघ मारली आणि मिटून ठेवली.

संध्याकाळी ग्रासाच्या टेकडीवर बाय भेटली. लिस्बनमध्ये गरिबाचे सगळ्यात मोठे ऐश्वर्य म्हणजे हे टेकड्यांवरचे कट्टे, 'मिरादोरु'. तांबड्या कौलांचा उतार, किल्ला, आणि खाली समुद्राएवढी रुंद तेजो नदी, सारे फुकट. तिने पाव आणि चीज आणले होते. आम्ही मुकाट्याने खाल्ले.

"चीज दोन नव्वद, पाव ऐंशी सेंट," ती सरळ चेहऱ्याने म्हणाली. "तुझ्या वाट्याला एक पंच्याऐंशी."

मी नाणी मोजून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती घेतली आणि पाकिटात टाकली. ती घेईल असे मला वाटले नव्हते. एक पंच्याऐंशी म्हणजे दीडशे-पावणेदोनशे रुपये. पण त्या पाकिटाची चेन बंद झाल्याचा आवाज मला चांगलाच लागला.

प्रवासाच्या काटकसरीची एक युक्ती वाचकांसाठी सांगून ठेवतो, कारण ती माझी स्वतःची आहे. ट्राममध्ये चढून तिकीट घेतले तर एका खेपेला तीन युरो दहा सेंट पडत. चोवीस तासांचा पास मात्र सहा युरो ऐंशीला. आणि हे चोवीस तास मध्यरात्रीपासून नव्हे, पहिल्यांदा पास लावल्यापासून मोजतात. म्हणून तो शनिवारी संध्याकाळी लावायचा. रात्री वापरायचा, आणि रविवारी सकाळी सातला, प्रवाशांच्या रांगा लागण्याआधी, ती प्रसिद्ध अठ्ठावीस नंबरची पिवळी लाकडी ट्राम पकडायची. खिडकीतून हात काढला तर घरांच्या भिंतींना लागेल अशा वळणांनी ती जाते. आम्ही दोघे आणि कामावर निघालेल्या दोन बायका, एवढेच होतो.

उतरल्यावर बाय म्हणाली, "आज कुठे जायचं ते मी ठरवलंय. आगगाडी आहे. आपापलं तिकीट काढू." नदीकाठच्या स्थानकावरून गाडी सुटली आणि पाण्याच्या कडेकडेने चालली. पंचवीसएक मिनिटांनी तिने मला एका लहानशा स्थानकावर उतरवले. पाटी वाचली: काशियास.

समोर पाण्यालगत एक छोटासा, सुबक किल्ला होता. मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. इतका लहान? पण तो नव्हेच. बायने रस्ता विचारला आणि आम्ही उलट दिशेला, टेकडी चढू लागलो. वरती भिंत लागली. लांब, उंच, कोरी भिंत. आत जाता येत नाही, कारण तो आजही तुरुंगच आहे.

ज्यांना हे नाव ओळखीचे नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि मुक्तिलढ्यात शिरले. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. त्यांना समुद्रापार पोर्तुगालला नेले. सहा वर्षे एकांतवासात ठेवले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, सगळीकडे पेढे वाटले गेले, आणि हा माणूस या भिंतीआडच राहिला. आणखी सात वर्षे. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये.

"तूच सांगितली होतीस ही गोष्ट," बाय म्हणाली. "पावसात वीज गेली होती. मी दुसरी-तिसरीत असेन. तू म्हणालास, तेही मास्तर होते, माझ्यासारखे. मी विचारलं, मग त्यांच्या शाळेतल्या मुलांना कोण शिकवतं? तुला उत्तर आलं नाही."

मला ती रात्र आठवत नव्हती. गोष्ट आठवत होती. ती आमच्या हेडमास्तरांनी मला सांगितलेली. म्हणजे तीही उसनीच.

"इकडे आल्यावर एकदा नकाशात नाव दिसलं. तेव्हाच ठरवलं होतं, दादा आला की त्याला इथे आणायचं."

रस्त्यावर कुणी नव्हते. भिंतीपलीकडे कुठेतरी रेडिओ वाजत होता. 'तुरुंग' हा शब्दही पोर्तुगीजांचाच, 'त्रोंकु'वरून आलेला. हे मी तिला सांगणार होतो, पण सांगितले नाही. चौदा वर्षांत त्या मास्तरांच्या कानांवर मराठी किती वेळा पडली असेल, हा विचार मनात आला. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी महाराष्ट्रात जिवाचे रान केले. तमिळनाडूच्या अण्णादुराईंनी थेट पोपच्या कानांवर गोष्ट घातली. ज्यांचा आपला काही संबंध नाही अशा माणसांचे केवढे देणे अंगावर घेऊन ते विमानातून उतरले असतील! आणि ते त्यांनी घेतले. खर्च भागला, असे कुणाला कळवले नाही.

आम्ही पंधरा-वीस मिनिटे उभे होतो. मग पहारेकऱ्याची गाडी हळू झालेली पाहून खाली उतरलो.

परतीच्या वाटेवर बेलेमला उतरलो. तिथला जेरोनिमुशचा मठ पाहणाऱ्याचे डोळे दिपवतो. दगड कोरला आहे की दोर विणले आहेत, हे हात लावून पाहावे लागते. ओवऱ्या पाहायच्या तर हजारावर रुपये. पण शेजारच्या चर्चमध्ये दुपारी फुकट जाता येते, आणि वास्को द गामाची समाधी चर्चमध्येच आहे. समोर त्यांचा महाकवी कामोंइश. गामा १५२४ साली आपल्याकडे कोचीनला वारला. अस्थी नंतर इकडे आणल्या. हा सगळा डोलारा उभारायला पूर्वेकडच्या मिरी-मसाल्यांच्या व्यापारावर बसवलेला शेकडा पाचाचा कर कामी आला. म्हणजे आमचे तिकीट आमच्या पूर्वजांनी केव्हाच काढून ठेवले होते. हे मी बायला सांगितले आणि ती दोन दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसली.

बाहेर १८३७ पासून चाललेल्या मिठाईच्या दुकानापुढे रांग होती. दुधा-अंड्याच्या मलईने भरलेली खुसखुशीत वाटी, वर दालचिनीची पूड. एकीचे सव्वाशे रुपयांच्या आसपास. गल्ल्यापाशी बायने कार्ड काढले आणि माझ्याकडे पाहिले. मी दालचिनीच्या पुडीची बरणी न्याहाळत राहिलो.

"चार घे," मी म्हणालो.

विमान सोमवारी पहाटे सहाचे. रात्रीची खाट वाचवायची म्हणून आम्ही मेट्रोने वेळेवर विमानतळ गाठला आणि बाकांवर आडवे झालो. उरलेली दोन थालीपिठे तिथे संपली. बायला सोमवारी परस्पर कचेरीत जायचे होते. ती पिशवी उशाला घेऊन निजली. मी जागाच होतो. बनियनमधले पन्नास अजून शाबूत होते.

पहाटे तपासणीच्या पट्ट्यावर बायची पिशवी अडकली. शिपायाने आत हात घालून कागदाची गुंडाळी बाहेर काढली, उलगडली, आणि ती वीतभर किल्ली दिव्यापुढे धरली.

"शाव्?" तो म्हणाला.

"चावी," बाय म्हणाली.

त्याला गंमत वाटली असावी. त्याने इंग्रजीत विचारले, कशाची? बाय माझ्याकडे पाहू लागली.

"घराची," मी मराठीत सांगून टाकले.

त्याला काय कळले देव जाणे. किल्ली त्याने दोन वेळा हातात तोलून पाहिली आणि परत पिशवीत ठेवली. आम्ही पलीकडे येऊन बूट चढवू लागलो. मी नाडी बांधता बांधता, खाली पाहूनच विचारले, "बाय, ते तीन लाख अजून आहेत का गं?"

ती थांबली. "का?"

"वेंगुर्ल्याचं छप्पर गेलंय. वासे बदलावे लागतील. यंदाचा पाऊस कसाबसा काढेल."

तिने दुसरा बूट घातला, पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "पत्रे नाही हां घालायचे, दादा. कौलंच."